इफ्फतने बदललेले मॉनिटर

घाबरट माणसांची मला चीड येते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण फळ्यापाशी उभं केलं की थरथरणाऱ्या पोरांना मी कधी गोंजारलं नाही. इफ्फत त्यातलीच. सातवीत तिला सनावळी लिहायला बोलावलं की खडू हातातून पडायचा. पुढे मूर्तिजापुरातच लग्न होऊन ती नेमकी माझ्या समोरच्या घरात राहायला आली, तेव्हा मी मनात म्हटलं, घ्या, आता ही आयुष्यभर माझ्यासमोर खडू पाडणार.

तिला सिलिंडरची भीती, कुत्र्यांची भीती, नवऱ्याचा फोन आला की भीती आणि नाही आला की त्याहून जास्त. नवरा गयासुद्दीन कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचा. बरेच दिवस तो गुजरातच्या रस्त्यावरच असायचा. आईबाप गेलेले, म्हणून धाकटी बहीण फलक इफ्फतजवळच वाढली. फलक नेमकी उलटी. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि बसलीच तर माशीलाच पस्तावा व्हायचा.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ही गोष्ट आहे. तेव्हा आमच्या भागाचं नाव रोज पेपरात असायचं आणि त्यात चांगलं काही नसायचं. परगावचे पत्रकार स्टेशनवर उतरून रिक्षावाल्यांना आत्महत्या झालेल्या खेड्यांची नावं विचारायचे. कापसाचं सगळंच थंडावलेलं. गयासुद्दीनचा ट्रक आठवडा-आठवडा उभा राहायला लागला, तेव्हा फलकच्या डोक्यातून निघालं की पुढच्या खोलीला शटर लावायचं आणि कॉम्प्युटरच्या खेळांचं पार्लर काढायचं. रिकामी पोट्टी गावात ढिगाने होती. इफ्फतने आधी नाही म्हटलं, मग रडली, मग शटर बसवलं. तिची कामाची पद्धतच ती होती.

पाच कॉम्प्युटर, पाचांना जुन्या पद्धतीचे, मागे भलंमोठं कुबड असलेले मॉनिटर. सगळे त्यांना डबे म्हणायचे. डबा सुरू झाला की ठप्प आवाज यायचा आणि पडद्याजवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहायचे. पाच डबे चालू असले की त्या खोलीत उन्हाळ्यात पापड भाजता आले असते. पण चालायचं पार्लर. आणि सगळ्यांत चांगली खेळायची ती फलक. बंदुकांचा एक खेळ होता, त्यात ती ओढणी खांद्यावर टाकून एकटी चौघांना लोळवायची. अकोल्याहून पोट्टे तिच्याशी खेळायला पॅसेंजरने यायचे आणि तोंड पाडून परत जायचे. मी ओसरीत बसून हे सगळं बघायची. मला तो खेळ कळायचा नाही, पण हरलेल्या पोट्ट्यांची तोंडं बघायला मजा यायची.

त्या वर्षीच्या रमजानमध्ये एका पहाटे इफ्फत अनवाणी रस्ता ओलांडून माझ्या दारात आली. मला वाटलं, गयासुद्दीनच्या ट्रकला काहीतरी झालं. तिने माझा हात धरून मला ओढलं. मी तशीच तिच्यामागे गेले.

फलक पार्लरच्या खोलीत जमिनीवर पडली होती. ओठ दाताखाली येऊन फुटलेला, डोळे अर्धवट, श्वास घोरल्यासारखा. सहरीचं पहाटेचं जेवण उरकून झोपायच्या ऐवजी ती खेळायला बसली होती, कारण त्या दिवसांत भारनियमनामुळे वीज पहाटेच नीट मिळायची. इफ्फत भांडी घासत होती. खुर्ची पडल्याचा आवाज आला म्हणून ती धावली, तर फलकचे हातपाय झटके देत होते आणि वर मॉनिटर तसाच चालू होता.

"त्यानंच केलं, बाई," मॉनिटरकडे बोट दाखवत इफ्फत म्हणाली. "थो उजेड असा फडफडून राहिला होता."

"कुनाले सांगू नोका." हे तिचं दुसरं वाक्य.

कुणाला न सांगण्याचं कारण मला सांगावं लागलं नाही. फलकचं लग्न तेल्हाऱ्याला ठरलेलं होतं. तिकडचं कापसाचं दुकान बसलं होतं, म्हणून तारीख पुढे गेली होती, एवढंच. मिरगी असलेली मुलगी म्हटल्यावर तारीख कायमची पुढे गेली असती.

डॉक्टरला दाखवायला इफ्फत तिला अकोल्याला घेऊन गेली नाही. अकोल्यात निम्मे नातेवाईक. तिने अमरावती गाठली आणि मला सोबत नेलं, कपडे घ्यायला जातो म्हणून. डॉक्टर शांत माणूस होता. त्याने गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. झोप पुरी झाली पाहिजे म्हणाला. डोक्याला तारा लावून, डोळ्यांसमोर दिवे उघडझाप करून एक तपासणी करायची म्हणाला. आणि उठता उठता म्हणाला की ती होईपर्यंत लुकलुकणाऱ्या पडद्यापासून जरा लांब राहिलेलं बरं.

इफ्फतने एवढं शेवटचंच ऐकलं. तपासणीच्या दाराबाहेर बाकांवर माणसं बसली होती, त्यात कुणी ओळखीचं निघालं तर, म्हणून ती उलट पावली फिरली. दिवे उघडझाप करणार म्हटल्यावर तर तिने फलकचा हात धरून थेट बसस्टँड गाठलं. बसमध्ये ती मला सारखं एकच सांगत होती, की आता मशीन बदलतो. गोळी गिळली तरी ती पोटात काय करते ते दिसत नाही. मॉनिटर दिसतो. त्याला घराबाहेर काढता येतं. मला तेव्हा तिचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं पटलंही, कारण मीही त्या पहाटेपासून डब्याकडे बघितलं की दचकत होते.

गोळ्या माझ्या घरी राहिल्या. समोर येणंजाणं फार, कुणाच्या नजरेला पडतील म्हणून. फलक सकाळी विरजण मागायला यायची आणि संध्याकाळी वाटी परत द्यायला. गोळी तोंडात टाकून, माझ्याच माठातलं पाणी पिऊन जायची.

मॉनिटर बघायला आम्ही तिघी अकोल्याला गेलो. गुलफाम नावाच्या तरुणाचं दुकान होतं, सडपातळ, बोलका पोरगा. त्याने शेजारी शेजारी दोन मॉनिटर लावले, एक डबा आणि एक नवा चपटा, पुस्तकासारखा पातळ. त्याला तो फ्लॅट म्हणायचा.

"खेळासाठी घेता ना, आपा? मंग डबाच घ्या," तो म्हणाला. "फ्लॅटवर मानूस पळाला की मांगे त्याची सावली घसटत जाते. निशाना चुकते. आन फ्लॅट एकाच्या पैशात डबे दोन येतात."

"डोळ्याले कोनता चांगला?" इफ्फतने विचारलं.

"डोळ्याले फ्लॅट. डबा सारखा उघडझाप करते. आपल्याले समजत नाई एवढंच. तिरप्या नजरेनं पाहा."

इफ्फतने तिरप्या नजरेने पाहिलं. मीही पाहिलं. कोपऱ्यातून पाहताना तो पांढरा उजेड खरंच थरथरत होता. इफ्फतने फलकला दंडाला धरून मागे ओढलं आणि ती दुकानात कुणी ओळखीचं आहे का ते बघायला लागली.

"थे फडफड जास्त वेगावर ठेवता येते, आपा," गुलफाम म्हणाला. "मंग नाई जानवत."

"आन मशीन बंद पडून चालू झाली तं?"

"तं कवा कवा मांगे येते. सेटिंग पुन्हा करा लागते."

आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते हे त्याला सांगायची गरज नव्हती. इफ्फतचं ठरलं.

फलकने दोन्हीवर खेळून पाहिलं. डब्यावर तिची बोटं नेहमीसारखी चालली. फ्लॅटवर ती पहिल्याच झटक्यात मेली, मग पुन्हा मेली. तिने माऊस खाली ठेवला.

"आपा, यावर मी आंधळी होतो," ती म्हणाली. "सगळं चिखलात पळून राहिलं."

"आंधळी झाली तरी चालीन," इफ्फत म्हणाली. ती असं कधी बोलायची नाही.

एकच फ्लॅट घेऊन भागलं नसतं, कारण बाकीचे डबे त्याच खोलीत फडफडत राहिले असते. म्हणून पाचही डबे गेले आणि त्यांच्या जागी तीन फ्लॅट आले. डबे घेतले रेल्वे फाटकापलीकडच्या एका नव्या पार्लरवाल्याने. लोकांनी विचारलं की इफ्फत सांगायची, फ्लॅटला वीज कमी लागते, लाइट गेली तरी बॅटरीवर जास्त वेळ चालतो. हे खरंच होतं, म्हणून तिला सांगताना सोपं गेलं. पण पोट्ट्यांना बॅटरीशी काय देणंघेणं? त्यांना निशाणा हवा होता. महिन्याभरात निम्मी पोट्टी डब्यांच्या मागे फाटकापलीकडे गेली. फलक तीन पोरांकडून लागोपाठ हरली आणि अकोल्याची पॅसेंजर तिच्यासाठी यायची बंद झाली. ती खेळत राहिली, पण आता ती फार बोलायची नाही.

वर्षभर तिला काही झालं नाही. इफ्फतला मी इतकी सुखी कधी पाहिली नव्हती. ती फ्लॅटचे पडदे मऊ फडक्याने पुसायची, वर झाकायला क्रोशाचे रुमाल विणले होते. मी दोनदा सांगितलं की बाई गं, हे गोळ्यांमुळे असेल. ती मान हलवायची आणि पुन्हा पडदा पुसायची.

पुढचा रमजान आला. फलकने रोजे धरले. आजाऱ्याला रोजा माफ असतो हे इफ्फतला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण तरणीताठी मुलगी रोजा ठेवत नाही म्हटल्यावर कुणीतरी विचारणार, काहून? महिन्याचे चार-पाच दिवस बायकांना सूट असते, ते गेल्यावर काय सांगणार? त्यात तेल्हाऱ्याहून फलकची होणारी सासू जहाँआरा ईदचे कपडे घेऊन आली आणि राहिली. आता सकाळी विरजण मागायला येणं बंद झालं. संध्याकाळी रोजा सोडायला घरभर माणसं, म्हणून वाटी परत द्यायला येणंही बंद झालं. मी गोळ्यांचं पाकीट पदराखाली घेऊन समोर गेले, तर इफ्फतने मला दारातच अडवलं.

"थोडे दिवस राहू द्या, बाई," ती कुजबुजली. "फ्लॅट हाये ना आता. कायचं भेव?"

तिच्या तोंडून 'कायचं भेव' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी पाकीट घेऊन परत आले. त्या दिवसापासून भीती माझ्याकडे राहायला आली. ओसरीत पेपर धरून बसायची आणि एक ओळ वाचायची नाही. समोर खुर्ची सरकली तरी मी उठून उभी राहायची. फलक बाहेर येऊन उभी राहिली की मी तिचे डोळे बघायची. ते रोज जास्त खोल जात होते. रात्री नमाजानंतर पाहुण्यांचं करायचं, पहाटे सहरीला उठायचं, आणि मध्ये झोप कुठे होती?

एके दिवशी दुपारची वेळ होती. पार्लरमध्ये तिन्ही मशीनवर पोट्टी होती, मागे दोघे-तिघे उभे. फलक मधल्या मशीनवर होती. आधी मला एक आवाज ऐकू आला, कुणीतरी गळा दाबल्यासारखा. मग खुर्ची. मी चप्पल न घालता धावले.

ती जमिनीवर होती, कमान झालेली, डोळे पांढरे. टाचा फरशीवर आपटत होत्या. पोट्टे भिंतीला चिकटले होते. कुणी कांदा आणा म्हणत होतं, एकाने आपली चप्पल काढून तिच्या नाकाशी नेली. तो हात मी झटकला, पण पुढे काय करायचं ते मला आठवेना.

आणि इफ्फत? ती बहिणीकडे गेलीच नाही. ती आतून धावत आली ती थेट टेबलाखाली शिरली आणि मॉनिटरची वायर दोन्ही हातांनी ओढायला लागली. पिन निघेना. "बंद हो, बंद हो," असं ती ओरडत होती. शेवटी पिन निघाली, पडदा काळा झाला. इफ्फतने टेबलाखालून वळून फलककडे पाहिलं.

फलकच्या टाचा तशाच आपटत होत्या.

मी खूप माणसं घाबरलेली पाहिली आहेत. पण हातात उपसलेली वायर धरून टेबलाखाली बसलेल्या इफ्फतचा तो चेहरा मला अजून विसरता येत नाही. वर्षभर ज्या पडद्यालाच कारण मानलं तो तिने बंद केला होता, आणि काहीच थांबलं नव्हतं. आतल्या दाराचा पडदा बाजूला करून जहाँआरा उभी होती. तिने सगळं पाहिलं.

मग मीच खाली बसून फलकला कुशीवर केलं. इफ्फत रांगत आली आणि तिने तिचं डोकं मांडीवर घेतलं. हळूहळू ते थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाँआरा निघाली. ईदचे कपडे तिने ठेवले नाहीत आणि मागितलेही नाहीत, ते पलंगावर तसेच राहिले. "कळवतो," एवढंच म्हणाली.

अमरावतीच्या डॉक्टरने पहिला प्रश्न गोळ्यांचाच विचारला. इफ्फत खाली बघत राहिली, तेव्हा फलकनेच सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ती तपासणी आता तरी करून घ्या.

तारा लावलेल्या फलकच्या पायाशी इफ्फतला उभं राहू दिलं. मी दाराशी होते. खोलीत अंधार केला आणि फलकच्या डोळ्यांसमोर दिवा उघडझाप करायला लागला. आधी सावकाश, मग भराभर, मग इतका भराभर की भिंतीच थरथरल्यासारख्या वाटायला लागल्या. इफ्फतने फलकचे दोन्ही घोटे घट्ट धरले होते आणि तिचे ओठ दुवा म्हणत हलत होते. मी डोळे मिटून घेतले. फळ्यापाशी थरथरणाऱ्या पोरांना मी इतकी वर्षं काय काय बोलले, ते सगळं मला तिथे आठवलं.

दिवा थांबला. खोलीत उजेड झाला. फलक म्हणाली, "झालं का? भूक लागली मले."

डॉक्टरने कागदावरच्या रेघा पाहिल्या. उघडझापीचा हिच्यावर काही परिणाम दिसत नाही, म्हणाला. "तुम्ही पडदा बदलला आणि गोळी थांबवली. उपाशीपोटी, झोप नाही, औषध नाही. पडद्याने काय करायचं राहिलं होतं?"

परत येताना बसमध्ये इफ्फत माझ्या शेजारी बसली. बडनेऱ्याला बस थांबली तेव्हा तिने माझा हात धरला आणि मूर्तिजापूर येईपर्यंत सोडला नाही.

शटर दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी उघडलं. रमजान संपायला अजून अवकाश होता. तेल्हाऱ्याहून निरोप आलेला नव्हता. पोट्टे येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आले, नेहमीपेक्षा जास्तच, बघायला. उन्हं चढली तशी इफ्फत रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

"बाई, गोळ्या द्या."

"घे. आणि आता तुझ्याच घरात ठेव."

तिने पाकीट ओढणीत लपवलं नाही. हातात धरून, सगळ्या रस्त्यासमोर ती परत गेली. आत जाऊन पाण्याचा ग्लास भरून आणला. शटरपाशी आली, वर हात नेला. मला वाटलं, ओढते आता खाली. हात तिथे थोडा वेळ राहिला आणि परत खाली आला. शटर उघडंच राहिलं.

"फलक, गोळी घे."

रोज्याच्या भर दुपारी, रस्त्यावरून दिसेल असा पाण्याचा ग्लास. ग्लास इतका हलत होता की पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. कोवळी दाढी असलेला एक पोट्टा खुर्चीत वळला. त्याचा स्वतःचा रोजा होता, ओठ सुकलेले.

"काय झालं, आपा?"

"मिरगी हाये माह्या बहिनीले," इफ्फत म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण माझ्या ओसरीपर्यंत आला, म्हणजे आख्ख्या गल्लीला गेला. "रोज दोन टाइम गोळी घ्या लागते. रोजा नाई ठेवत आता थे. ज्याले जे बोलाचं थे मले बोला."

त्या पोट्ट्याने कीबोर्ड उचलला आणि बाजूला सरकवला, त्यावर पाणी सांडू नये म्हणून.

फलक उठली. तिने गोळी तोंडात टाकली, बहिणीच्या हातातला ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी संपेपर्यंत प्यायली. मग ग्लास मॉनिटरशेजारी ठेवला आणि म्हणाली, "आपा, आता मले माहा डबा आनून दे."

इफ्फतने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडचं पाणी पळालं होतं बिचारीच्या.

"आनतो," ती म्हणाली.